पिठाचा डबा कुठे होता?

काका कुणाच्याही घरी गेले की मोजमाप संपेपर्यंत चहा घेत नसत. घरातली बाई आग्रह करी, "घोटभर घ्या, साखर कमी टाकते." काका हात जोडून म्हणत, "आधी पाणी, मग चहा." बाहेर पडल्यावर एकदा मी कारण विचारलं. ते म्हणाले, "चहा प्यायला की माणूस दोन इंच कमी लिहितो. नाश्ता केला तर अर्धा फूट." जेवणाचा आकडा त्यांनी सांगितला नाही.

ते आमच्या ऑफिसातले सर्व्हेअर. ऑफिस म्हणजे मीरा रोडला एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावरची खाजगी सल्लागार कंपनी. काही वर्षांपूर्वी खाडीकाठच्या गावांचा आणि पाड्यांचा नकाशा करायचं काम आम्हाला मिळालं होतं. कुठे पाणी भरतं, किती भरतं, आणि कुठल्या रेषेच्या आत बांधकामाला वेगळ्या अटी लावायच्या, हे त्या नकाशाने ठरणार होतं. काका निवृत्तीनंतर कंत्राटावर आलेले. मी जवळच्या पूनम सागर वसाहतीतून चालत ऑफिसला जायचे आणि दिवसभर संगणकावर निळ्या रंगाच्या पाच छटा भरायचे. ऑफिसात सगळे त्यांना काका म्हणत. डायरेक्टरही म्हणत, आणि ते काकांपेक्षा फार तर चार वर्षांनी लहान असावेत.

काकांकडे मोबाइल होता, मनगटावर घड्याळ होतं, तरी ते दिवस तिथीने मोजत. पंचांगाचा धर्माशी संबंध आहे हे त्यांना बहुधा कुणी सांगितलं नव्हतं. त्यांच्या लेखी ते भरतीचं वेळापत्रक होतं. वडील मिठागरावर कामाला, घरची थोडी भातशेती, त्यामुळे अमावास्या-पौर्णिमेला उधाण आणि अष्टमीला भांग, म्हणजे पाणी कमी चढायचं, हे त्यांना बाराखडीच्या आधी आलं असणार. डायरेक्टर म्हणत, "काका, मंगळवारी एकला मीटिंग." काका मनातल्या मनात काहीतरी मोजून म्हणत, "मंगळवारी द्वितीया. एकला भरती पूर्ण. मी उघाडीवर असेन." उघाडी म्हणजे खाडीच्या बांधातलं पाणी सोडायचं दार. डायरेक्टरांना वाटे की उघाडी हे कुठल्या तरी हॉटेलचं नाव आहे. बरेच दिवस त्यांना कुणी दुरुस्त केलं नाही.

ऑफिसने महागडं यंत्र घेतलं होतं. काका ते वापरत, आणि मग गवंड्यांकडे असते तसल्या पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने तेच मोजमाप पुन्हा घेत. आमचं बरंच काम एका पाड्यात होतं; तिथल्या विहिरीच्या कठड्यावर उंची ठरलेला एक खुणेचा दगड होता. नळीचं एक टोक तिथे, दुसरं माझ्या हातात. "हलवू नका मॅडम, पाण्याला स्थिर होऊ द्या." दोन्ही आकडे जुळले की ते यंत्राला शाबासकी देत. "हुशार आहे. शिकेल."

पण त्यांची खरी कला प्रश्न विचारण्यात होती. आमच्या छापील प्रश्नावलीत पहिला प्रश्न होता, 'आपल्या परिसरात पूर येतो का?' या प्रश्नाचं उत्तर आमच्या सगळ्या भागात एकच आहे. नाही. पूर शेजारच्या गल्लीत येतो. जागेचे भाव लोकांनी कष्टाने वर नेलेले असतात, ते एका प्रश्नासाठी कोण खाली आणेल? काका प्रश्नावली घडी घालून खिशात ठेवत आणि सरळ स्वयंपाकघराकडे बघून विचारत, "पिठाचा डबा कुठे ठेवला होता?"

ह्याला लगेच उत्तर मिळे. "डबा व्हय, तो वरच्या फळीवर." "फ्रिज?" "फ्रिज तीन विटांवर. पहिल्यांदा दोन घातल्या व्हत्या, मग वाढवली एक." अशी घरातली बाई पाण्याची इंच इंच हकीकत सांगून मोकळी होई, आणि शेवटी म्हणे, "पण पूर-बिर न्हाय येत हां आमच्याकडं."

पाड्याच्या मागे, खाडीच्या अंगाला, पत्र्याच्या भाड्याच्या खोल्यांची एक रांग होती. तिथे काका हिंदीवर जात. त्यांची हिंदी म्हणजे मराठीच, फक्त शेवटी 'है' लावलेली. तिथली एक बाई दारात भांडी घासत होती. ती मान वर न करता म्हणाली, "पानी नहीं आता इधर."

"आटे का डब्बा किधर रखा था है?"

"टीवी के ऊपर."

"और टीवी?"

ती हसली. "टीवी टेबल पे, टेबल खटिया पे. और हम लोग बाहर रोड पे."

काकांनी टीव्ही, टेबल आणि खाट, तिन्ही मोजली. वहीत आकडा लिहिला आणि त्याच्याखाली बारीक अक्षरात 'माणसं रस्त्यावर' असंही लिहिलं. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये त्यासाठी रकाना नव्हता.

एका सकाळी ड्रोन आला. ऑफिसात बरेच दिवस त्याच्याबद्दल बोललं जात होतं. पाड्याच्या मैदानात टेबल, टेबलावर चादर, चादरीवर ड्रोन. नारळ फुटला, डायरेक्टरांचं वीस मिनिटांचं भाषण झालं, त्यात 'भविष्य' हा शब्द मी अकरा वेळा मोजला. मग ड्रोनला झेंडूचा हार घातला गेला. हारासकट ड्रोन उडेना. हार काढायला कुणी धजावेना, कारण तो पाहुण्यांच्या हस्ते घातला होता. शेवटी काका पुढे झाले, हार काढून त्यांनी तो शेजारच्या म्हशीच्या गळ्यात घातला, आणि भविष्याने उड्डाण केलं.

दोन दिवसांनी चित्रं आली. सॉफ्टवेअरने त्यांतून पाणी ओळखायचं होतं आणि त्याने ते मन लावून ओळखलं. पत्र्याच्या खोल्यांवर, जुन्या कौलांवर लोक गळतीसाठी निळी ताडपत्री टाकतात. सॉफ्टवेअरने ती सगळी ताडपत्री पाणी म्हणून भरली. पडद्यावर पाड्यातल्या निम्म्या छपरांवर तळी दिसू लागली. काका माझ्या खुर्चीमागे उभे राहून बराच वेळ बघत होते. म्हणाले, "छपरावर एवढं पाणी, म्हणजे आपण सगळे गेलो मॅडम. डायरेक्टरांना कळवा." मला तो सगळा भाग हाताने पुसावा लागला. अहवालात मात्र ड्रोनला एक पूर्ण प्रकरण आहे, हारासह फोटो आहे.

काका त्या पाड्यातच राहत. पाड्याचं नाव मी लिहीत नाही. घोडबंदरला जाताना लागतो एवढं पुरे, आणि तसे पाडे एकाहून जास्त आहेत. त्यांच्या गल्लीत बारा घरं. सगळ्यांनी मिळून एका बिल्डरशी बोलणी केली होती. सात मजली इमारत, लिफ्ट, प्रत्येकाला एक फ्लॅट. बिल्डर फक्त नकाशाची वाट बघत होता. गल्ली पूररेषेच्या बाहेर राहिली तर तो येणार होता, आत गेली तर अटी वाढणार आणि तो दुसरा पाडा बघणार. हे त्याने चहा पिताना सगळ्यांना स्पष्ट सांगितलं होतं.

कच्चा नकाशा जाहीर झाला. गल्ली रेषेबाहेर होती, अगदी काठाला, पण बाहेर. काकींनी मला जेवायला बोलावलं. तांदळाची भाकरी आणि कोलंबीचं कालवण. काकींचे गुडघे कामातून गेलेले, पाणी आलं की त्यांना शिडीने माळ्यावर चढावं लागे. वर नेऊन बसवायला दोन माणसं आणि खाली आणायला तीन. त्यांनी फ्लॅट निवडूनही ठेवला होता, चौथा मजला, लिफ्टच्या समोरचा. "चौथ्या माल्यावर पानी आयलं तर मग बघू," त्या हसत म्हणत.

त्यांच्या दारात पायरी चढून आत शिरताना माझं कपाळ चौकटीला आपटलं. मी पाच फूट दोन इंच. उंचीमुळे काही लागण्याची माझी ती पहिलीच वेळ. काका मात्र देवळात शिरावं तसे वाकून आत गेले.

"लागलं का गो?" काकी म्हणाल्या. "सगल्यांनाच लागतं."

मी म्हटलं, "दार फार बुटकं आहे, काकी."

"दार कशाला बुटकं? दार हाय तेवढंच हाय. जमीन वर आयली." भाकरी वाढता वाढता त्या सांगत होत्या. "त्या मोठ्या पान्यानंतर भराव टाकून फरशी उचलली, फूटभर. मग मागाहून परत अर्धा फूट. ह्यांना इचार, ठाऊक तरी हाय का. दोन्ही टायमाला हे बाहेरगावी लोकांचं पानी मोजत व्हते."

काकांनी हातातला घास ताटात ठेवला.

ते उठले. हात धुतले, खुंटीवरच्या पिशवीतून टेप काढली आणि स्वतःच्या घराचं दार मोजलं. "साडेचार," ते म्हणाले. "सहाचं होतं."

"जेवा आधी," काकी म्हणाल्या.

"जेवलो."

घोटाळा साधा होता, पण तो काकांचाच होऊ शकत होता. पाड्यातलं प्रत्येक घर त्यांनी नळी लावून मोजलं होतं. स्वतःचं घर मोजलं नव्हतं. त्याची उंची त्यांच्या जुन्या वहीत होती, तरुणपणी हौसेने घेतलेली, आणि ती त्यांनी तशीच उचलली. स्वतःच्या घरात टेप घेऊन कोण फिरतो? अलीकडच्या उधाणात घरात पाऊलभर पाणी आलं होतं, ते त्यांनी पाहिलं होतं. पण ते पाऊल नव्या, उंच फरशीवर बुडालं होतं आणि काकांनी वहीतल्या जुन्या, खालच्या फरशीवर मांडलं. गल्लीतल्या बाकी घरांत डबा न विचारता त्यांनी तिथलं पाणीही आपल्याच घरावरून धरलं होतं. त्यामुळे अख्ख्या गल्लीतलं पाणी नकाशावर दीड फूट खाली गेलं, आणि गल्ली कोरडी झाली.

परतीच्या रिक्षापर्यंत सोडायला आले तेव्हा मी विचारलं, "काका, रोज वाकून आत जाता, तरी कळलं नाही?"

"ठाऊक होतं हो," ते म्हणाले. "मोजलं नव्हतं."

मग त्यांनी मागच्या पत्र्याच्या खोल्यांकडे हात केला. "आमची गल्ली कोरडी धरली तर बिल्डर भराव टाकून ती आणखी चार फूट वर नेणार. गल्लीत शिरणारं पाणी मग कुठे जाईल?" मला उत्तर ठाऊक होतं. खाट, टेबल, टीव्ही, सगळं मीच संगणकात भरलं होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी डायरेक्टरांना सांगितलं. डायरेक्टरांनी आधी दार लावून घेतलं, मग एसी वाढवला. "काका, नकाशा जाहीर झालाय. सादरीकरणाची तारीख ठरलीय. आता दुरुस्ती करायची तर हरकती-सूचनांमधूनच. नागरिकांनी हरकत घ्यायची, सुनावणी व्हायची, अशी पद्धत आहे."

"मग मी घेतो."

"तुम्ही कशी घ्याल? नकाशा तुमचाच आहे."

"म्हणून तर कुठे चुकलाय ते मला माहीत आहे."

हरकतीचा छापील अर्ज होता. त्यात एकच वाक्य होतं: 'माझी मिळकत पूररेषेतून वगळण्यात यावी, कारण', आणि पुढे तीन रिकाम्या ओळी. रेषेत यायची इच्छा असलेला माणूस अर्ज छापणाऱ्याच्या कल्पनेत बसला नव्हता. काकांनी पट्टी ठेवून 'तून वगळण्यात' खोडलं आणि वर सुवाच्य अक्षरात 'त समाविष्ट करण्यात' लिहिलं. कारणाच्या जागी लिहिलं, 'सर्व्हेअरची चूक.'

पुढचे पंधरा दिवस गल्लीत त्यांच्याशी कुणी बोललं नाही. म्हणजे त्यांच्याबद्दल बोलत, त्यांना ऐकू जाईल असं. वाण्याच्या दुकानात ते दिसले की कुणीतरी म्हणे, "सरका रे, पूररेषा आली." शेजारच्या घरातला, त्यांच्या मांडीवर वाढलेला पुतण्या दारात येऊन विचारून गेला, "काका, तुमी आमच्यातले की त्यांच्यातले, येकदा सांगून टाका." काकांनी त्याला आत बोलावलं आणि टेप दाखवली. पुतण्या टेप न बघताच गेला.

काकींचा राग वेगळा होता. त्या भांडल्या नाहीत. जेवायला वाढत, पाणी देत, आणि गप्प. मी एकदा गेले तेव्हा काका घरी नव्हते. काकी कोलंबी सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "चालीस वर्सं हा मानूस लोकांच्या घरातलं पानी मोजतोय. आता कधी नव्हं ते माझं घर कागदावर कोरडं झायलं, तर ते पन ह्यांना बघवलं न्हाय." मग पुढची कोलंबी उचलून, "तुला तरी काय गरज व्हती गो डोकं आपटायची?"

सुनावणी पाड्याजवळच्या समाजमंदिरात झाली. डायरेक्टरांच्या आग्रहावरून आधी दीपप्रज्वलन झालं. हरकतींसाठी समई लावलेली मी तरी दुसरीकडे पाहिलेली नाही. व्यासपीठावर अधिकारी, त्यांच्यापुढे फुलदाणी, फुलदाणीमुळे अधिकारी अर्धेच दिसत होते. इतिवृत्त लिहायचं काम माझ्याकडे होतं. तीस हरकती झाल्या. तिसांच्या तीस मिळकती उंचावर होत्या, कोरड्या होत्या, तिथे पूर्वजांच्या स्मरणात कधी पाणी आलं नव्हतं. त्यांतल्या निम्म्या घरांतले पिठाचे डबे आम्ही मोजले होते. अधिकाऱ्यांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि सगळ्यांना 'तपासून पाहू' सांगितलं.

एकतिसावे काका. गल्लीतली माणसं मागे हाताची घडी घालून उभी होती.

अधिकाऱ्यांनी अर्ज दोनदा वाचला. फुलदाणी बाजूला केली. "तुम्ही सर्व्हेअर ना?"

"हो."

"मग हरकतदार कोण?"

"मीच."

"एकाच वेळी दोन्ही होता येत नाही."

"आज अर्ध्या दिवसाची रजा टाकली आहे साहेब," काका म्हणाले.

मागे एक जण हसला आणि बाकीच्यांनी त्याच्याकडे पाहिलं. अधिकाऱ्यांनी कागद उलटसुलट केले. "मिळकत कुणाच्या नावावर आहे?"

काका पहिल्यांदाच अडखळले. "बायकोच्या."

"मग ही हरकत तुमची धरता येणार नाही. मालक कुठे आहेत? त्यांनी सांगितलं तर बघू. नाहीतर अर्ज निकाली."

काकी बायकांच्या बाजूला, शेवटच्या खुर्चीवर बसल्या होत्या. त्या आल्या आहेत हे काकांनाही ठाऊक नसावं. त्यांना उठायला वेळ लागला. पुतण्याने हात पुढे केला तो त्यांनी धरला नाही, खुर्चीची पाठ धरली. काही न बोलता त्या नुसत्या बसून राहिल्या असत्या तरी सगळं त्यांच्या मनासारखं झालं असतं. अर्ज निकाली, गल्ली कोरडी, बिल्डर हजर. हे सभागृहातल्या प्रत्येकाला कळत होतं, आणि काकांना सगळ्यांत जास्त. ते जमिनीकडे बघत उभे होते.

"तुमचं काय म्हणणं आहे, बाई?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"फरशी उचलली हाय," काकी म्हणाल्या. "दोनदा. मी उचलून घेतली. पहिल्यांदा फूटभर, मग अर्धा. हे बोलतात ते खरं हाय."

"म्हणजे पाणी येतं?"

"येतं तर. मी माल्यावर बसते तेव्हा काय हवा खायला बसते का?"

अधिकाऱ्यांनी मान डोलावली. "ठीक आहे. लिहून घ्या. मालकांची हरकत मान्य, फेरमोजणी व्हावी." मी लिहीत होते. काकी अजून उभ्याच होत्या.

"आनखी येक लिव," त्या मला म्हणाल्या. "माना लिफ्ट पाहिजे व्हती."

अधिकारी म्हणाले, "बाई, त्याचा विषयाशी संबंध नाही."

"नसू दे. लिव तू."

मी लिहिलं, 'मला लिफ्ट पाहिजे होती.' काकी बसल्या. काकांनी तेव्हा मान वर केली, पण त्यांच्याकडे बघितलं नाही. व्यासपीठावरची समई कुणीतरी विझवत होतं, तिकडे बघत राहिले.

फेरमोजणीत गल्ली रेषेच्या आत आली आणि बिल्डरने दुसरा पाडा बघितला. ते दोघे अजून त्याच घरात राहतात, तीच पायरी, तीच चौकट. पुतण्या हल्ली बोलतो, पण पाण्याचा विषय काढत नाही. उधाणाच्या दिवशी काकींना माळ्यावर चढवायला दोन माणसं लागतात, त्यांतले एक काका असतात. म्हणजे निदान त्या दिवशी ते घरी थांबतात.

इतिवृत्त टाइप करून मी डायरेक्टरांकडे नेलं तेव्हा त्यांनी लाल पेनने लिफ्टच्या ओळीखाली रेघ मारली. "हे काढा. असंबद्ध आहे. वर पाठवायचं आहे हे." मी प्रिंट घेऊन काकांच्या टेबलापाशी गेले, कारण सर्व्हेअर म्हणून त्यांची सही लागणार होती. त्यांनी चष्मा लावला, पहिल्या पानापासून सगळ्या एकतीस हरकती सावकाश वाचल्या आणि लाल रेघेपाशी थांबले. सही त्यांनी तिच्या खाली केली, म्हणजे ती ओळ वर, कागदात, राहिली.

"राहू द्या, मॅडम," ते म्हणाले. "त्या दिवशी आलेली खरी हरकत तेवढीच."